समान वाटा, असमान रांग

परदेशातून येणाऱ्यांपैकी कोणाला कायमचे राहू द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक राष्ट्रापुढे असतो आणि त्याचे उत्तर माणसे कोणत्या मापाने मोजली जातात यावर अवलंबून राहते. अमेरिकेत हे माप वंशाकडून मूळ राष्ट्राकडे आणि तेथून नातेसंबंध व कौशल्य यांच्याकडे सरकत आले. परंतु माणूस कोठे जन्मला ही कसोटी या प्रवासात मागे पडली नाही, ती केवळ रूप बदलत राहिली.

प्रारंभी ही कसोटी उघडपणे वांशिक होती. १७९० च्या कायद्याने परदेशी व्यक्तीला नागरिकत्व देण्याची मुभा गोऱ्यांपुरती ठेवली, १८७० मध्ये तीत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेश बंद झाला आणि १९१७ मध्ये भारतासह आशियाचा मोठा भूभाग निषिद्ध क्षेत्र ठरला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये असा निवाडा दिला की, वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय मनुष्य गोरा नव्हे. त्याच्या आधारे पूर्वी दिलेली नागरिकत्वेही रद्द होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई ब्रिटिश प्रजाजनत्व सोडून अमेरिकी नागरिक झाले होते. तेही नागरिकत्व काढून घेतल्यावर त्यांना कोणताच देश उरला नाही आणि १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले.

१९२४ च्या कायद्याने भेदभावाला आकडेमोडीचे रूप दिले. पश्चिम गोलार्धाबाहेरील प्रत्येक देशाला ठरावीक कोटा, म्हणजे वर्षाकाठी किती स्थलांतरित येऊ शकतील याची मर्यादा, घालून देण्यात आली आणि ती अमेरिकेत आधीपासून असलेल्या त्या देशातील लोकसंख्येच्या दोन टक्के इतकी ठेवली गेली. ही लोकसंख्या मोजण्यासाठी ताजी जनगणना न घेता १८९० ची घेतली, कारण इटली, पोलंड, रशिया येथील लोक आणि पूर्व युरोपातील ज्यू मोठ्या संख्येने आले ते त्या वर्षानंतर. कायद्यात इटालियन वा ज्यू यांच्याविरुद्ध एक अक्षरही नव्हते, तरी जनगणनेचे वर्ष निवडूनच हेतू साधला गेला. धोरणाचा खरा आशय कलमांच्या शब्दांइतकाच त्यामागच्या गणितातही असतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

या कायद्याला विरोध करणाऱ्यांत ब्रुकलिनचे तरुण लोकप्रतिनिधी इमॅन्युएल सेलर होते. १९४६ मध्ये त्यांच्याच सहप्रस्तावाने भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला, तर १९६५ मध्ये त्यांचे नाव लाभलेल्या कायद्याने मूळ राष्ट्रावर आधारलेली कोटापद्धतीच मोडीत काढली. नव्या व्यवस्थेत पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला २०,००० ही समान कमाल मर्यादा मिळाली. ब्रिटनला झुकते माप आणि आशियाला नगण्य स्थान देणाऱ्या पद्धतीनंतर सर्व राष्ट्रांना एका पातळीवर आणणारे हे तत्त्व, नागरी हक्कांच्या चळवळीने भारलेल्या त्या काळात, न्यायाचेच पाऊल होते. महाराष्ट्रातून डॉक्टर व इंजिनिअर तेथे जाऊन स्थिरावू शकले, ते याच पावलामुळे.

मात्र राष्ट्रांची समानता म्हणजे माणसांची समानता नव्हे. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांची, संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवली आणि तीतच अर्जदारांचे पती-पत्नी व मुलेही मोजली. शिवाय इतरांकडून काही शिल्लक राहिले नाही, तर कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. दुसरीकडे, त्याच कायद्याने आकाराला आणलेल्या एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाला अशी देशवार मर्यादा नाही. एका दाराने भारतीय मोठ्या संख्येने आत येतात आणि पुढचे दार मात्र छोट्या देशाइतकेच उघडते. म्हणून रांग दशकांची होते. ही रांग नागरिकत्वावर नव्हे, जन्मस्थानावर लागते: पुण्यात जन्मलेल्या इंजिनिअरने कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत राहतो, परंतु त्याची पत्नी काठमांडूत जन्मलेली असेल, तर तिच्या आधारे दोघेही नेपाळच्या छोट्या रांगेत जाऊ शकतात. रांगेतील स्थान ठरवणारी 'प्रायॉरिटी डेट' दरमहा व्हिसा बुलेटिनमध्ये शोधणाऱ्या कुटुंबात नोकरी बदलण्याचे, घर घेण्याचे, आजारी आईवडिलांकडे जाण्याचे निर्णय त्या तारखेच्या हिशेबाने होतात. आणि लहानपणी तेथे आलेले मूल २१ वर्षांचे झाले की, काही सवलती वगळता, आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते.

या मर्यादेच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. एक-दोन देशांनी सर्व जागा व्यापू नयेत हा त्यांचा हेतू रास्त आहे, आणि एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर प्रतीक्षेचा भार इतर देशांतील अर्जदारांवर पडेल. म्हणूनच देशवार वाट्याइतकाच १९९० मध्ये ठरलेल्या एकूण संख्येचाही फेरविचार अगत्याचा ठरतो. एका पिढीने अन्याय दूर करण्यासाठी घेतलेले माप पुढच्या पिढीसाठी नवा अन्याय निर्माण करू शकते. मूळ हेतू उदात्त होता, एवढ्यावर त्याचे समर्थन पुरे होत नाही. ज्यांचे आयुष्य त्याने मोजले जाते त्यांच्या वाट्याला आज काय येते, हे वारंवार तपासणे आणि आढळलेली विषमता दुरुस्त करणे, हे कायदा करणाऱ्यांचे कर्तव्यच आहे.