हलक्या हाताने



कुणीतरी वापरलेली चामड्याची पर्स आपण घरी स्वच्छ करतो. ती रिकामी करून कोरड्या फडक्याने धूळ पुसतो. मग सौम्य साबणाच्या पाण्यात फडके बुडवून घट्ट पिळतो. रंग जातो का, ते आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाहतो. हलक्या हाताने पुसून ती सावलीत वाळवतो, कारण कडक उन्हात चामडे सुकून तडकते. शेवटी थोडे लेदर क्रीम लावतो आणि चामडे पुन्हा मऊ होते.

पण हे कातडे कमावले कुणी? संत पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी राहिला होता. मेलेल्या जनावरांशी संबंध येतो म्हणून त्या काळी हा धंदा हलका समजला जाई. देवाने शुद्ध केलेल्या कुणालाही अशुद्ध म्हणू नये, हा धडा पेत्राला त्याच घरी मिळाला.

दुसऱ्याची जुनी पर्स आपण मायेने जपतो. मग चामड्याचे काम करणाऱ्या भावाला उंबरठ्याबाहेर का ठेवतो? या आठवड्यात त्याला घरात बोलावू या, सोबत बसून चहा घेऊ या. प्रभू आपली मनेही मऊ करो.