समुद्रावरची सहल

दुःख दाराशी आले, तर आपण त्याला कारण विचारीत नाही; मुकाट्याने दार उघडतो. सुख आले, तर मध्यमवर्गीय माणूस त्याला आधी नावगाव विचारतो, येण्याचे प्रयोजन विचारतो, आणि ते समाधानकारक वाटले तरच आत घेतो.

शिवाजी पार्कच्या आसपास ही सवय अजून मोडलेली नाही. आमच्या शेजारच्या एका निवृत्त जोडप्याने यंदा क्रूझने जायचे ठरविले आहे. मुंबईहून गोवा, गोव्याहून कोची आणि परत. आयुष्यात प्रथमच दोघे केवळ स्वतःसाठी एवढा खर्च करीत आहेत. खिडकीची केबिन घ्यावी की आतली स्वस्त, बोट लागू नये म्हणून कोणती गोळी, कोचीला उतरायला किती तास मिळतात, ही चर्चा पार्काच्या कट्ट्यावर रोज चालते. आणि कोणी विचारलेच, तर गृहस्थ घाईने सांगतात, “तसे मौजेसाठी नव्हे हो! ऐतिहासिक शहरे बघायला मिळतात म्हणून.”

हे उत्तर विचार करण्यासारखे आहे. मौज ही काय लपविण्याची गोष्ट आहे? आणि मौजेवर पांघरूण घालण्यासाठी इतिहास वापरायचा, तर त्या इतिहासाचे आपण काही देणे लागतो की नाही?

आपल्या भाषेत यात्रा, प्रवास आणि सहल असे तीन शब्द आहेत. यात्रेला देव लागतो आणि थोडे कष्टही लागतात. प्रवासाला काम लागते. सहलीला मात्र काहीच लागत नाही. जावे, बघावे, हसावे, परतावे. समुद्राच्या बाबतीत आपल्याकडे हा तिसरा शब्द फारसा वापरलाच गेला नाही. श्राद्धाला कोणते ब्राह्मण बोलावू नयेत याची मनुस्मृतीत यादी आहे, तीत समुद्रपर्यटन करणारा आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आपण का जातो हे त्यांना भर सभेत उभे राहून सांगावे लागले. पुढे कोकणच्या बोटी आल्या. त्यांतून चाकरमानी गणपतीला गेले, शिमग्याला गेले. कित्येक बंदरांत धक्का नव्हता, तेव्हा भर पाण्यात ट्रंकांसकट बोटीतून पडावात उतरले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्राशी आमचे नाते असे पापाचे, पोटाचे आणि धास्तीचे. त्याच पाण्यावर जन्मभर शाळेत शिकवून दमलेली एखादी बाई दोन दिवस खुर्ची टाकून स्वस्थ बसणार असेल, तर तिने कोणाला जबाब का द्यावा? त्या खुर्चीला इतिहासाची उशी कशाला हवी?

परंतु इतिहासाचे नाव एकदा घेतले, की प्रश्न बदलतो. गोवा ते कोची हा क्रूझच्या पत्रकातला एका ओळीचा टप्पा आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. दादर-गिरगावातल्या कितीतरी घरांची ही कुलदैवते. ज्यांना नदीपलीकडचा आसराही पुरेसा वाटला नाही, अशी कुटुंबे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकली, आणि त्यांतली काही कोचीला स्थिरावली. तिथल्या मट्टांचेरीत तिरुमल देवस्थानाभोवती त्यांचे वंशज आजही घरात कोंकणी बोलतात. जवळच १५६८ साली बांधलेले ज्यूंचे परदेशी सिनेगॉग आहे. स्पेन-पोर्तुगालमधून छळामुळे परागंदा झालेले ज्यू तिथे येऊन राहिले होते. या दोघांनाही आश्रय दिला तो कोचीच्या राजाने. म्हणजे ज्या वाटेने आमचे शेजारी बिछान्यावर पडल्या पडल्या जाणार, ती एके काळी घर सुटलेल्या माणसांची वाट होती.

यावर कोणी म्हणेल, “अहो, माणूस चार दिवस विसरायला जातो. तिथेही तुमचे रडगाणे कशाला?” आक्षेप खोटा नाही. मागच्यांच्या दुःखाने आपण जेवण टाकावे, असे कोणी सांगत नाही. टाकल्याने त्यांचे दुःख कमी होत नाही. शिवाय सहा तासांत शहर कळते, असा आव आणणे हाही एक ढोंगीपणाच आहे. पण सहा तासांत एक गोष्ट मात्र खचित करता येते. दहा ठिकाणी धावत छायाचित्रे काढण्यापेक्षा एका ठिकाणी थांबता येते. मट्टांचेरीतल्या एखाद्या दुकानदाराशी कोंकणीत बोलून पाहावे. त्याचे अर्धे बोलणे कळेल, अर्धे कळणार नाही. चारशे वर्षांचे अंतर म्हणजे काय, हे त्या न कळलेल्या अर्ध्यात समजते. एवढे केले तरी ते गाव आपल्या मौजेचा नुसता पडदा राहत नाही; तिथे आपल्यासारखीच माणसे राहतात, हे आपण मान्य केलेले असते. यजमानाचे पाहुण्याकडे एवढेच मागणे असते.

आणि अशा आठवणीने सुख नासते म्हणावे, तर आपली दिवाळीच त्याला साक्ष देणार नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, घरात करंज्या-चकल्यांचे डबे भरलेले असताना, आपण एक कणकेचा दिवा यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून लावतो. ऐन सणात मृत्यूचे नाव घेतो. मुलांना ते नीट दाखवतोही. त्यामुळे आजवर कोणाची दिवाळी कडू झाल्याचे ऐकिवात नाही. दिवा लावून झाला, की त्याच हातांनी आपण फराळाचे ताट वाढतो.

म्हणून आमच्या शेजाऱ्यांना सांगावेसे वाटते, की जमल्यास खिडकीचीच केबिन घ्या, आणि विचारणाराला खुशाल सांगा, “मौजेसाठी जातो.” जहाज गोव्याहून निघेल तेव्हा एक रात्र मात्र जेवणानंतर थोडा वेळ त्या खिडकीशी बसा. बाहेर काही दिसणार नाही. त्या काळोखातून आपल्याआधी कोण गेले, एवढे मनात असले म्हणजे पुरे.