भिंतीवर कोणाला लावायचं?

मरोळ गावठाणातल्या मावशीच्या ओट्यावर मी क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्सचं चित्र उलगडलं. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलींसमोर ते असावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"जिवंत माणूस भिंतीवर लावू नये," मावशी म्हणाली. "पंचवीस वर्षांची पोर. उद्या कुठे चुकली, तर तुझ्या मुली तिला माफ करायच्या नाहीत."

"संतही चुकले होतेच की."

"ते आधी चुकले, मग संत झाले. हिचं सगळं आयुष्य अजून बाकी आहे."

मी 30 ऑक्टोबर 2025 ची रात्र सांगितली. नवी मुंबई, विश्वचषकाची उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलियानं दिलेलं 339 चं लक्ष्य. जेमिमा नाबाद 127. शतक झालं तरी तिनं जल्लोष केला नाही, कारण सामना जिंकायचा होता. जिंकल्यावर माइकपुढे येशूचे आभार मानले. हे मला एकटीला जमलं नसतं, म्हणाली. याहून वेगळी नम्रता कोणती?

"येशूनं दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय."

"डोंगरावरच्या त्याच प्रवचनात दिवा झाकून ठेवू नका, असंही सांगितलंय."

"लोकांना सत्कर्मं दिसावीत म्हणून. शतक हे सत्कर्म?"

मी गप्प झाले. मावशीनं सोडलं नाही. "आणि हरली असती तर? ऑस्ट्रेलियाच्या पोरी देवाच्या नाहीत?"

इथेच आम्ही बराच वेळ अडकलो. थकून गेल्यावर जेमिमा मनात जे वचन घोकत होती ते तांबड्या समुद्रापाशी मोशेनं लोकांना दिलेल्या धीराचं: उभे राहा, लढणारा देव आहे. तिनं कुणाचा पराभव मागितला नाही, उभं राहण्याचं बळ मागितलं, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"त्या लोकांच्या मागे फारोचं सैन्य होतं. हिच्या मागे कोण होतं?"

"भीती. स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून तिला वगळलंही होतं. हे तिनंच सांगितलं."

"सगळ्यांसमोर?" मावशी थांबली. "माझ्या आईनं मेली तरी सांगितलं नसतं. लुगडं नीट, डोक्यावर पदर, आत काय चाललंय ते कुणाला कळायचं नाही. त्याला आम्ही शालीनता म्हणायचो." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुम्ही आता पोरींच्या बाह्या मोजता. पोरांच्या तोंडातल्या शिव्या कोण मोजतं गं?"

कुणीच नाही. वर्गात कपड्यांविषयी मी मुलींनाच बोलते. हे मला आजवर खटकलंही नव्हतं, याची लाज वाटली.

"मग पंडिता रमाबाईंचं लावू?" मी विचारलं. "1922 मध्ये गेल्या. आता चुकायच्या नाहीत." पण बोलता बोलताच आठवलं. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देणाऱ्या, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही, आसरा देणाऱ्या धर्मभगिनींशी श्रद्धेच्या प्रश्नांवर वाद घालणाऱ्या रमाबाई. त्यांच्या काळात त्यांना नम्र कोण म्हणालं असेल?

मावशीनं चित्र पुन्हा उलगडलं. जेमिमा हात जोडून, डोळे भरलेले.

"हे जिंकल्यावरचं. संघातून काढलं त्या दिवसाचं मिळतंय का बघ. ते लाव."

"त्या दिवशी तिचं चित्र कोण काढणार, मावशी?"