अब्रू आणि अहवाल

धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबात कोणी गंभीर आजारी पडले, की डॉक्टरांच्या पाठोपाठ धर्मगुरूंचाही सल्ला घेतला जातो. "फादर, कोठे दाखल करावे?" या प्रश्नाला आम्हांपाशी वैद्यकीय उत्तर नसते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याला हवे असते ते एक नाव, ज्याविषयी कोणी वाईट बोललेले नाही. रुग्णालयाची पारख आपण बहुधा अशीच करतो. तेथून काही विपरीत कानांवर आले नाही, म्हणजे ते चांगले! या पारखेत एक नैतिक गफलत दडलेली आहे, असे आम्हांला वाटते. ती उकलण्यासाठी प्रथम थोडे जीवशास्त्र सांगणे भाग आहे.

रुग्ण एका आजारासाठी दाखल होतो आणि तेथेच दुसरा संसर्ग त्याला जडतो, ही गोष्ट नवी नाही. सलाइनची नळी, लघवीची नळी, कृत्रिम श्वासाचे यंत्र या वाटांनी जीवाणू शरीरात शिरतात. क्लेब्सिएला, ई. कोलाय ही त्यांतील नेहमीची नावे. एरवी ते आपल्या आतड्यांत निमूटपणे राहतात. परंतु रुग्णालयात प्रतिजैविकांचा मारा सतत चालू असतो. त्यात दुबळे जीवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात. न जुमानण्याची ही विद्या त्यांच्या जनुकांत लिहिलेली असते. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातील औषधे म्हणजे अतिदक्षता विभागातील अखेरच्या फळीतील शस्त्रे. त्यांचा रेणूच तोडून टाकणारे विकर कसे बनवावे, याची कृती काही जनुकांत असते. असे जनुक पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते आणि हे कडे एक जीवाणू दुसऱ्याला, अगदी परजातीच्या जीवाणूलाही देऊन टाकतो. (जातिभेद मोडण्याचे जे काम आपल्याला अजून साधले नाही, ते जीवाणूंनी भलत्याच कारणासाठी साधावे, हा दैवदुर्विलासच.)

रक्ताच्या वा लघवीच्या नमुन्यातील जीवाणू वाढवून त्यांवर औषधांच्या चकत्या ठेवल्या, की कोणते औषध लागू पडेल ते दोनतीन दिवसांत कळते. ते लागू का पडत नाही, हे जनुकाची तपासणी सांगते. पीसीआर पद्धतीने काही तासांतच. या तपासणीचा उपयोग उपचारापुरता नसतो. शेजारशेजारच्या दोन खाटांवरील रुग्णांत एकच जनुक सापडले, तर संसर्ग तेथल्या तेथेच एकाकडून दुसऱ्याकडे गेला असावा, असा संशय घेण्यास जागा होते. मग प्रयोगशाळेचा कागद रुग्णालयाविरुद्धच साक्षीला उभा राहतो.

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जीवाणू तपासले. त्यांपैकी २२ जीवाणूंत एनडीएम-१ हे जनुक आढळले. मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले; आपण कोणत्या रुग्णालयाचे, हे लपवले नाही. त्यानंतर ऑगस्टमध्ये 'लान्सेट'च्या संसर्गरोगविषयक मासिकात भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथील तशाच जीवाणूंचा लेख आला आणि वादळ उठले. एनडीएम या अक्षरांतील पहिली दोन नवी दिल्लीची. स्वीडनमध्ये राहणारा, मूळचा भारतीय असलेला एक रुग्ण २००७ च्या अखेरीस नवी दिल्लीत रुग्णालयात होता. स्वीडनला परतल्यावर २००८ च्या आरंभी त्याच्या नमुन्यात हे जनुक प्रथम ओळखले गेले, म्हणून हे नाव. आपल्या वैद्यकीय पर्यटनाला बट्टा लावण्याचे हे कारस्थान आहे, असे संसदेतही बोलले गेले. शासनाने लेखाचे निष्कर्ष नाकारले.

नावाबद्दलची तक्रार निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. रोगाला गावाचे नाव चिकटले, की पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. 'लान्सेट'च्या संपादकांनी २०११ साली त्या नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. परंतु जनुकाचे नाव काहीही असो, औषध तोडण्याचे त्याचे काम थांबत नाही. आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच देशात पाच महिने आधी हेच सांगून ठेवले होते, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूला पडली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दोन रुग्णालये आहेत अशी कल्पना करा. एक शोध घेते, तपासते, नोंद ठेवते. दुसरे तपासतच नाही. पहिल्याच्या दप्तरी वीस प्रकरणे निघतील, दुसऱ्याच्या दप्तरी एकही नाही. आणि आपण रुग्णाला दुसऱ्याकडे नेऊ. सेमिनरीत आम्हांला अज्ञानाचे प्रकार शिकवले जात. जे टाळणे माणसाच्या हाती नाही ते एक, आळसाने राहिलेले ते दुसरे. तिसरे मुद्दाम जोपासलेले: कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून कळूच न देणे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते हे तिसरे अज्ञान दोष हलका करीत नाही, उलट वाढवते. न तपासणारे रुग्णालय या तिसऱ्या प्रकारात मोडते, हे उघडच आहे. आम्हांला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. ते अज्ञान आपण विकत घेतो. आपल्या पसंतीने, आपल्या शिफारशीने आपणच त्याला किंमत मिळवून देतो.

व्हिएन्नातील प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी दोन विभागांतील मृत्यूंची मोजदाद ताडून पाहिली आणि डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने घटले. तरीही पुष्कळ सहकारी दुखावले, कारण त्या मोजणीचा अर्थ 'रोग तुमच्या हातांनी पसरला' असा होता. याउलट इंग्लंडचे उदाहरण पाहावे. तेथे २००१ पासून एमआरएसए या हट्टी जीवाणूच्या रक्तातील संसर्गाची नोंद रुग्णालयांना सक्तीची झाली व आकडे जाहीर होऊ लागले. २००४ साली सरकारने हे संसर्ग २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरवले आणि ते साधले. केवळ आकडे छापल्याने हे घडले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. हात धुणे, नळ्यांची निगा, सारेच सुधारावे लागले. पण सगळ्यांनाच सांगणे भाग असले, की सांगणारा एकटा पडत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

कोणी म्हणेल, आकड्यांनीही अन्याय होतो. मोठ्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण अधिक, म्हणून तेथे जीवाणूही अधिक सापडणार. हे खरे आहे. नाशिकच्या गल्लीतील वीस खाटांच्या दवाखान्याला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही आणि तपासणीचा खर्च अखेर रुग्णाच्याच बिलावर चढतो, हेही खरे. म्हणून आकडा विचारण्यापेक्षा "तुम्ही तपासता का? सापडले तर काय करता?" असे विचारणे आम्हांला अधिक न्यायाचे वाटते. या प्रश्नाला जे डॉक्टर रागावत नाहीत, त्यांच्याकडे जावे.

मात्र अब्रूचा हा पेच रुग्णालयाच्या दारात संपत नाही. रुग्णाची प्रकृती खालावते आणि त्याला नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईला हलवायचे ठरते. फाईलमध्ये असा एखादा अहवाल असतो. खाट नाकारतील या भीतीने तो कागद घरीच काढून ठेवण्याचा मोह कुटुंबाला होतो. ही भीती खोटी आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आणि ज्याचा पिता तळमळतो आहे त्याला उपदेश करणे सोपे असते. तरीही तो कागद द्यावा. पलीकडच्या खाटेवरही कोणाचा तरी पिता असतो, आणि तो कागद पाहिल्याशिवाय डॉक्टर आपल्याही रुग्णाला योग्य औषध निवडू शकत नाहीत. अहवाल पाहून दार लावणाऱ्या रुग्णालयाचा दोष याहून मोठा, कारण वेगळी खोली, हातमोजे आणि प्रत्येक स्पर्शानंतर हात धुणे हे त्याच्या आवाक्यातले असते. पवित्र तेल घेऊन एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाणारे आम्ही धर्मगुरूही या नियमाला अपवाद नाही.

काही जण बरे होऊन घरी येतात, तरी ते जनुक बाळगणारे जीवाणू त्यांच्या आतड्यांत महिनोन्‌महिने राहतात. अशा माणसाला आजार नसतो. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पुढे कधी दाखल होण्याची वेळ आली तर डॉक्टरांना ते सांगणे, एवढे त्याने करावे. घरच्यांनी त्याचे ताट वेगळे मांडण्याचे कारण नाही.