न दिसलेला पिंगळा

पक्षी पाहण्याचा नाद आम्हांला निसर्गप्रेमातून लागलेला नाही. तो डॉक्टरांनी लिहून दिला. "रोज चालत जा," असे ते म्हणाले. पण मुंबईत माणूस विनाकारण चालू लागला की, "काय हो, काही हरवलं का?" म्हणून शेजारी विचारतात. गळ्यात दुर्बीण असली की कोणी विचारत नाही. म्हणून दुर्बीण घेतली, आणि दुर्बिणीमागून पक्षीनिरीक्षकांचे एक मंडळ आले.

पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की मुंबईत धोबी पक्षी उतरतात आणि मंडळातल्या लोकांच्या अंगात येते. मला मात्र कावळा, चिमणी, कबुतर आणि 'दुसरा कोणीतरी' असे चारच पक्षी ओळखता येत. त्यामुळे सहलीच्या बसमध्ये माझी सीट मागच्या चाकावरची.

अशाच एका ऑक्टोबरात आम्ही तानसाला गेलो. या तलावाचे पाणी मुंबईकर १८९२ सालापासून पितो. पण २०१४ साली तिथल्या जंगलात रानपिंगळा दिसला आणि पक्षीवाल्यांचे ते तीर्थक्षेत्र झाले. रानपिंगळा म्हणजे आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचा दुर्मिळ चुलतभाऊ. नेहमीच्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरगच्च. याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीतच.

मी बुटाची नाडी बांधायला मागे राहिलो होतो. सागाच्या फांदीवरून मुठीएवढे, मातकट राखी असे काहीतरी उडाले. चष्मा घामाने धुरकटलेला. पुढे जाऊन मी सांगितलं, "पिंगळ्यासारखं काहीतरी होतं."

सगळे गर्रकन वळले. "डोक्यावर ठिपके होते?"

खरे उत्तर, "डोकंच दिसलं नाही," हे होते. पण आठ माणसे श्वास रोखून माझ्याकडे पाहत होती. इतक्या आदराने माझ्याकडे घरातसुद्धा कोणी पाहिलेले नाही. मी म्हटलं, "नव्हते."

तीन अक्षरी शब्द. परतताना मला खिडकीची सीट मिळाली, दुसरा वडा मिळाला, आणि मंडळाच्या वहीत तारीख, वेळ, रस्त्याचे वळण यांसकट माझे नाव चढले.

आता प्रश्न असा, की यात बिघडले कोणाचे? आपण सभ्य माणसे दिवसाकाठी कितीतरी खोटे बोलतो. "आत्ताच जेवून आलो," "छे, त्रास कसला!", "बाळ अगदी वडिलांवर गेलंय हो." त्याच जातीचे हे एक. पिंगळ्याला तर पत्ताही नाही! असा युक्तिवाद करून मी दोन वर्षे शांत झोपलो.

मग मंडळातल्याच एका व्याख्यानात कर्नलसाहेब भेटले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे त्यांचे नाव. झाले होते असे, की १८८४ साली जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात रानपिंगळे टिपले. त्यानंतर हा पक्षी कोणाला दिसेना. फक्त या कर्नलसाहेबांचा दावा, की १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण एक मिळवला. कर्नल म्हटल्यावर शंका कोण घेणार? शोधणाऱ्यांची पावले त्या चिठ्ठीमागे भलतीकडे वळली. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी तो नमुना तपासला. तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक निघाला! संग्रहालयातून लांबवून, टाके उसवून पुन्हा शिवलेला आणि वर खोटी चिठ्ठी डकवलेला. बाई दोन सहकाऱ्यांना घेऊन शहाद्याजवळ गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा समोर बसलेला! तब्बल ११३ वर्षांनी.

व्याख्यान ऐकताना मला खुर्ची टोचू लागली. पण मी स्वतःला समजावले, कर्नल चोर होता. आपण नुसते बोललो.

त्या दिवाळीत आम्ही सासुरवाडीला, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याला गेलो. हल्ली त्या बाजूला उसात बिबटे फार. अंधार पडायच्या आत मंडळी घरात. आमचे चुलतसासरे तात्या ओट्यावर तंबाखू मळत सांगत होते.

"काय झालं जावईबापू, एका पोरानं सांगितलं, बिबट्या वढ्याच्या अंगाला दिसला. इचारलं, नीट बघितला का? म्हनला, बघितला. पिंजरा तिकडं लागला. आन् शेळी गेली ती वरल्या वस्तीवरची."

"मग त्या पोराला काय केलंत?"

"काय करायचं? 'मला दिसला' म्हनायची हौस, दुसरं काय! पर दिसला म्हनलं की मानसं तिकडं तोंड करून बसत्यात. पाठ उघडी ऱ्हाती."

मला घास गिळवेना. "जेवून आलो" हे खोटे माझ्या पोटापुरते असते. त्याची भूक मीच सोसतो. पण "दिसलं" या शब्दावर दुसरे लोक पाय ठेवतात. आणि गोष्ट जितकी दुर्मिळ, तितका एकाच माणसाच्या शब्दावर भार जास्त. कावळ्याबद्दल मी शंभर थापा मारल्या तरी कावळ्यांना फरक पडत नाही. रानपिंगळ्याबद्दलची एक थाप पुरते.

रात्री अंगणात जाऊन मंडळाच्या प्रमुखांना फोन लावला. म्हटलं, "ती नोंद खोडून टाका. मला डोकं दिसलंच नव्हतं."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग ते हळू म्हणाले, "गेले दोन ऑक्टोबर आम्ही पहाटेपासून त्याच वळणावर बसतोय हो. तलावाच्या दुसऱ्या बाजूला गेलोच नाही."

रागावले असते तर बरे वाटले असते.

हल्ली माझी सीट पुन्हा मागच्या चाकावर आहे. वडा एकच मिळतो. परवा झाडीतून काहीतरी भुर्रकन गेले आणि सवयीने कोणीतरी मला विचारले, "कोण होता?"

"माहीत नाही. डोकं दिसलं नाही."

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले, वही काढली आणि लिहिले : अनोळखी, एक. खाली माझे नाव. त्या वहीतली माझी ही पहिली खरी नोंद.