आखडलेला खांदा: दैव आणि पुरुषकार

फ्रोझन शोल्डरमध्ये खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड होते आणि आकसते. मधुमेहींना हा धोका अधिक. आधी वेदना, मग ताठरपणा, शेवटी मोकळीक, हा क्रम बहुधा १ ते ३ वर्षे चालतो. काळच बरे करणार असेल, तर उपचार कशाला? चरकसंहितेच्या विमानस्थानात असाच प्रश्न आयुष्याबद्दल येतो. आयुष्य नियतच असते, तर औषधे व्यर्थ ठरली असती. तेथे दैव म्हणजे पूर्वजन्मीचे कर्म, पुरुषकार म्हणजे या जन्मीचे. बलवान कर्म दुर्बळावर मात करते. खांद्याबाबतही सोसवेल इतका व्यायाम, वेदनाशामके आणि प्रसंगी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन यांनी दुखणे कमी होते, हालचाल सुधारते. काळ मात्र पूर्णपणे स्वाधीन होत नाही. म्हणून प्रयत्नाला धीराची जोड लागते.