पुढचा भाग कधी?

रात्री अकरानंतर मराठीत बरंच काही लिहिलं जातं. ओटा पुसून झाला, मुलांची दप्तरं भरून झाली, उद्याच्या डब्याची भाजी निवडून ठेवली की कुणीतरी लॅपटॉप उघडतं आणि कथेच्या सहाव्या भागाला हात घालतं. दुबईत तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, न्यू जर्सीत दुपार असते, आणि तिथला कुणी जेवणाच्या सुट्टीत त्याच कथेचा पाचवा भाग तपासत असतो. १९९६च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ सुरू झाली, २००७मध्ये ‘मिसळपाव’ आली. त्यांच्या आगेमागे कितीतरी लहान संकेतस्थळं निघाली. काही टिकली, काही बंद पडली. तिथे ज्यांनी कथा लिहिल्या, दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, दिवाळी अंकासाठी रात्री जागवल्या, त्यातल्या बहुतेकांचं पोट दुसऱ्याच कामावर चालत होतं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी घरातच राबणारं. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या एका दुखण्याबद्दल लिहावंसं वाटतं.

दुखणं आहे ते अर्ध्यावर थांबलेल्या गोष्टीचं. पाचव्या भागाखाली ‘क्रमशः’ लिहिलेलं असतं आणि सहावा भाग येतच नाही. खाली वाचक विचारतात, पुढचा भाग कधी? आधी लाडानं विचारतात, मग चेष्टेनं, मग जरा धारदारपणे. लेखकाकडून उत्तर नाही. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. एकट्यानं लिहिलेल्या कथेचं असं झालं तर वाचकांची निराशा होते, एवढंच. पण गोष्ट चौघांनी मिळून चालवलेली असेल, तर थांबणारा एक असतो आणि अडकून पडणारे तिघं.

माझ्या ओळखीच्या चौघांनी असं एक गाव वसवलं आहे. गाव काल्पनिक, सह्याद्रीच्या पायथ्याचं, एसटीच्या शेवटच्या थांब्याचं. एक साताऱ्याकडची जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, एक नाशिकला बँकेत, एक शारजात हिशेबनीस, एक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. एका दिवाळी अंकाच्या कामात ओळख झाली आणि त्यांनी स्वतःचं छोटं संकेतस्थळ काढलं. प्रत्येकानं त्या गावातल्या माणसांच्या कथा लिहायच्या, आणि एकानं लिहिलं ते बाकीच्या तिघांनी खरं मानायचं, हा करार. एकानं १९७२च्या दुष्काळात देवळामागची विहीर आटवली, की त्या वर्षीच्या कुठल्याही कथेत कुणीही त्या विहिरीचं पाणी शेंदायचं नाही. एकानं कुणाला पुण्याला पाठवलं, की तो परत येईपर्यंत दुसऱ्यानं त्याला पारावर बसवायचं नाही. त्यासाठी त्यांनी एक मोठा तक्ता केला आहे. कोण कधी जन्मलं, कुणाची कुणाशी सोयरीक, कुणाचं शेत कुठल्या ओढ्याला लागून. मी तो तक्ता पाहिला आहे. तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही इतकी चोख नोंद त्यात आहे, आणि ती ठेवण्यात बँकेतल्या बाईंच्या कितीतरी रविवारच्या दुपारी गेल्या आहेत.

गावचा पोस्टमास्तर शिक्षिकेचा. त्यानं एका न पोचलेल्या पत्राचा छडा लावायला घेतला होता आणि बाकीच्या तिघांच्या कथा त्या पत्रावर येऊन थांबल्या होत्या. नेमक्या त्याच सुमाराला शिक्षिकेच्या सासूबाई पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यातच शाळेचं काम, मतदारयाद्यांचं काम, रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरून पाठवायची. लिहिणं थांबलं. ते थांबणारच होतं, त्यात चूक काही नाही. पुढे जे झालं त्याचा विचार करायला हवा.

गटावर निरोप आला, पत्राचं काय झालं? बाईंनी वाचला, उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे तारीख द्यावी लागेल आणि तारीख पाळता येणार नाही, हे त्यांना कळत होतं. आठवड्यानं आणखी एक निरोप आला. आता उत्तर द्यायचं तर आठवडाभर का दिलं नाही, हेही सांगणं आलं. महिन्यानं गप्प बसण्याचंच ओझं इतकं झालं की त्यांनी गट उघडणंच सोडलं. इकडे तिघांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. एकाला वाटलं, त्यांना आपण लिहिलेलं आवडेनासं झालं. दुसऱ्याला वाटलं, शिष्टपणा आहे. तिसऱ्यानं वाईट वाटून स्वतःही लिहिणं थांबवलं. चौघंही भली माणसं, कुणाच्या मनात कपट नाही, आणि तरी सहा वर्षं जपलेली मैत्री केवळ न बोलण्यामुळे विटत चालली होती.

लोक दोन टोकांची मतं देतात. एक म्हणतात, फुकटचं काम आहे, जमेल तेव्हा लिहावं, नाही जमलं तर सोडावं, कुणाला काय बांधील? दुसरे म्हणतात, शब्द दिला म्हणजे दिला, झेपत नव्हतं तर सुरूच कशाला केलं? मला दोन्ही पटत नाहीत. पैसे घेतले नाहीत म्हणून शब्द हलका होत नाही. शेजाऱ्यांच्या लग्नात वाढायला येतो म्हणून सांगितलेला माणूस आला नाही, तर पंगत खोळंबतेच. आणि दुसऱ्या बाजूनं, जे काम माणसानं आपली झोप आणि आपली रविवारची दुपार मोडून दिलं, ते सावकाराच्या थाटात वसूल करायला कुणी बसू नये. मला वाटतं, हौसेच्या कामात दिलेल्या शब्दाचा अर्थ ‘मी पुरं करीनच’ असा नसतोच. ‘माझं काय चाललं आहे ते मी तुमच्यापासून लपवणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तेवढा मात्र पक्का असायला हवा. सोबत्यांचा हक्क कळण्यावर आहे. मिळण्यावर तो हक्क सांगता येत नाही.

पण कळवायला धीर लागतो, आणि तो धीर सगळा एकट्या दमलेल्या माणसानं कुठून आणावा? म्हणून मला वाटतं, थांबणाऱ्याला सुखानं थांबता येईल अशी वाट त्या कामातच आधीपासून असायला हवी. ती सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे. हे खरोखर करून दाखवल्याचं उदाहरण अमेरिकेतून सुरू झालेल्या एका प्रचंड कथासंग्रहाचं आहे, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’चं. आवडत्या कादंबऱ्या, चित्रपट, मालिका यांतल्या पात्रांवर स्वतःच्या कथा लिहिणाऱ्या हौशी लेखकांनी, त्यातही बहुसंख्य बायकांनी, तो उभारला. आपल्या कथा दुसऱ्याच्या जागेवर आहेत, जागेच्या मालकानं मनात आणलं की त्या जातील, हा अनुभव त्यांनी घेतला होता. २००७मध्ये त्यांनी ठरवलं, सर्व्हर आपले, नियम आपले, जाहिरात नाही, विकणं नाही. कादंबरीकार नाओमी नोविक ह्या ते ठरवणाऱ्यांतल्या एक. नोव्हेंबर २००९मध्ये संग्रह सगळ्यांना खुला झाला. आज तिथे एक कोटीहून जास्त रचना आहेत आणि तो चालतो तो देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर.

तिथलं एक काम मला फार आवडतं. लेखक आपल्या कथेला हवी ती खूणचिठ्ठी, म्हणजे टॅग, लावू शकतो. एकच पात्र दहा जण दहा तऱ्हांनी लिहितात, कुणी आडनावासह, कुणी लाडक्या नावानं, कुणी चुकीच्या स्पेलिंगनं. कुठल्याही नावानं शोधलं तरी वाचकाला सगळ्या कथा सापडतात, कारण कुणीतरी स्वयंसेवक संध्याकाळी बसून ती नावं हातानं एकमेकांना जोडतो. लेखकाला तो ‘तुमचं स्पेलिंग चुकलं’ म्हणत नाही. त्याचं लिहिलेलं तसंच ठेवतो आणि मागच्या मागे सांधा जुळवतो. या कामावर कुणाचंही नाव येत नाही. २०१९मध्ये डब्लिनला या संग्रहाला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तो घेताना नोविक यांनी सभागृहातले दिवे लावायला सांगितले आणि जे जे स्वतःला या कामाचा भाग मानतात त्यांना उभं राहायला सांगितलं. मला हे योग्य वाटतं, कारण असल्या कामात कथा लिहिणाऱ्याला दाद मिळते, आणि कचरा निरोप पुसणारा, प्रती जपून ठेवणारा, भांडणं मिटवणारा मात्र कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

आता थांबण्याची वाट. तिथे चालू कथेपुढे भागांचा आकडा ‘७/?’ असा दाखवता येतो. सात झाले, एकूण किती ते ठाऊक नाही. कथा सोडून दिली असेल तर तसं सांगणारी खूणचिठ्ठीही आहे, आणि ती लावणाऱ्याला कुणी गुन्हेगार समजत नाही. एखाद्याला आपलं नाव त्या कथेशी जोडलेलं नको झालं, नोकरीमुळे असेल, घरामुळे असेल, तर नाव कायमचं काढून कथा वाचकांसाठी तिथेच ठेवता येते. ते एकदा केलं की मागे घेता येत नाही, म्हणून आधी बजावतात. त्याहून पुढे जाऊन, आपण मेलो किंवा काही करण्याच्या स्थितीत उरलो नाही तर आपल्या कथांचं काय करायचं, हे पाहायला आपल्यामागचा वारस म्हणून एका सहकाऱ्याचं नाव आधीच नोंदवता येतं. आणि दुसऱ्या कुणाचं संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हाताबाहेर जाऊ लागलं, तर त्यातल्या कथा सुखरूप आपल्याकडे आणून ठेवण्याचा उपक्रमही ही मंडळी चालवतात. त्या कथांच्या लेखकांना ते पत्र पाठवतात आणि कथा ठेवायची, काढायची की बिननावाची करायची, हे त्यांच्यावर सोपवतात.

आजार, बाळंतपण, नोकरी जाणं, मरण, यांतलं काही ना काही आपल्या माणसांवर येणारच, हे त्यांनी काम सुरू करतानाच गृहीत धरलं आहे. आपल्याकडे मंडळ स्थापन होतं तेव्हा अध्यक्ष कोण यावर रात्र जाते. अध्यक्ष आजारी पडला तर किल्ल्या कुणाकडे, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारणं अशुभ वाटतं. मला न विचारणं जास्त अशुभ वाटतं.

आपल्या चौघांच्या गावावर ही वेळ आलीच. पुण्याच्या गृहस्थांची नोकरी गेली. संकेतस्थळाचं नाव, जागा, पासवर्ड, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि त्यांच्याच कार्डावर. त्या कार्डाची मुदत संपली होती, नूतनीकरणाचे मेल येत होते आणि ते मेल उघडण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. एका सकाळी गाव दिसेनासं झालं. मुदत टळल्यावरही काही आठवडे मूळ मालकाला नाव सोडवून घेता येतं, म्हणून ते वाचलं. सोडवायला पैसे शारजाहून आले, आणि या निमित्तानं बाकीच्यांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या मित्राची नोकरी जाऊन तीन महिने झाले आहेत. तीन महिने ते त्याला विहिरीबद्दल आणि पत्राबद्दल विचारत होते. तुझं कसं चाललं आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं.

इथे घरच्यांविषयीही बोललं पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळजवळ एकट्यानं चालवलं, असं आपण म्हणतो. पण त्यांची प्राध्यापकी सुटल्यावर घराला आधार होता तो पत्नी मालतीबाईंच्या नोकरीचा. ते मासिक त्यांच्याही कष्टांवर उभं होतं. कथेच्या पायी जागवलेली रात्र कुणाच्या वाट्यातून येते, हे लिहिणाऱ्यानं स्वतःला विचारलं पाहिजे. पुरुष लिहायला बसतो तेव्हा बहुधा दुसरं कुणी मुलांचा अभ्यास घेत असतं. बाई लिहायला बसते ती सगळं आवरून, स्वतःची झोप खर्चून. मी म्हणेन, ज्या घरात एकाच्या हौसेचा भार सारखा दुसऱ्यावरच पडतो, तिथे सहावा भाग महिनाभर लांबला तरी चालेल.

नाव सोडवून घेतल्यावर चौघं बऱ्याच दिवसांनी एकत्र फोनवर बोलले. शिक्षिका आधी रडल्या, मग म्हणाल्या, वर्षभर मी काही लिहू शकणार नाही. हे एक वाक्य बोलायला त्यांना आठ महिने लागले होते आणि ऐकणाऱ्यांना ते मान्य करायला मिनिटही लागलं नाही. पासवर्ड आता दोघांकडे आहेत. नूतनीकरणाची तारीख चौघांच्याही फोनमध्ये आहे. कथांची एक प्रत दर महिन्याला नाशिकला जाते. वाचकांसाठी पहिल्या पानावर लिहिलं आहे की पत्राची कथा थांबली आहे, घरी आजारपण आहे, पुढचं ठरलं की कळवू. त्याखाली पहिला निरोप आला तो सासूबाईंची चौकशी करणारा.

उरला पोस्टमास्तर. त्याला पुढे कुणी चालवायचं? बाकीच्यांनी शिक्षिकेला विचारलं. त्यांनी परवानगी दिली, अटीसह. पत्र कुणाचं होतं हे मी आल्याशिवाय उघड करायचं नाही, आणि मास्तरची बदली करायची नाही. शारजाच्या मित्रानं त्याला आजारी रजेवर पाठवलं आहे आणि पोस्ट सांभाळायला शेजारच्या गावचा एक तरुण आणला आहे. त्या तरुणाला टपाल वाटायला सायकल द्यायची की मोटरसायकल, यावर सध्या त्यांची चर्चा चालू आहे. काळ १९८० सालचा आहे, म्हणून बँकेतल्या बाई सायकलीवर अडून बसल्या आहेत.